बाणाईची पायरी

जेजुरीचा खंडोबा दोन जागी राहतो. वर डोंगरावर कडेपठार, ते जुनं ठाणं; आणि त्याच्या खालच्या टेकडीवर चिरेबंदी कोटातला गड, जो सगळ्यांनी निदान फोटोत पाहिलेला असतो. भक्तांना चढ झेपेना म्हणून देवच खाली आला, असं सांगतात. पुण्याहून सासवडमार्गे येणारे बहुतेक लोक गड चढतात, पितळी कासवावर भंडारा-खोबरं उधळतात, होळकरांनी उभं केलेलं बांधकाम पाहतात आणि जेजुरी झाली म्हणून परत फिरतात. माझी थोरली बहीण मात्र कडेपठार केल्याशिवाय जेजुरी झाली असं मानत नाही. आमच्या घरात कुळधर्म, तळी, जागरण हे सगळं टिकून आहे ते तिच्यामुळे.

माझी मुलगी लोकदैवतांचा अभ्यास करते. रा. चिं. ढेरे तिने बारकाईने वाचले आहेत, आणि धनगरांच्या वाड्यांवर हिंडून खंडोबाचा शोध घेणारे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर हे तिचे आवडते. आत्या आणि भाची दोघींचा देव एक, पण त्याच्याविषयीचं मत एक नाही. मार्गशीर्षात घरी घट बसले असताना त्या दोघींचं जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहितो आहे. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण खंडोबाच्या कथा नुसत्या ऐकून सोडून देण्यासारख्या नाहीत. कोणाला कुठे बसवायचं, कोणी काय सोसायचं, याचे निवाडे त्या कथांत झालेले आहेत आणि ते आजही आपल्याला लागू आहेत.

भाची : आत्या, मला लहानपणी एकच गोष्ट सांगितलीत. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य वराने माजले, सप्तऋषींच्या आश्रमांची नासधूस झाली, इंद्र आणि विष्णूकडून काही होईना, शेवटी शंकराने मार्तंडभैरवाचं रूप घेतलं. प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत युद्ध, आणि षष्ठीला जय. ही ‘मल्हारी माहात्म्या’तली गोष्ट. पण जागरणाला वाघ्या-मुरळीकडून तू रात्रभर बसून जी ऐकतेस, ती ही नव्हेच.

आत्या : का नव्हे? दोन्ही त्याच्याच की.

भाची : वाघ्याच्या गोष्टीत देव बायकोशी, म्हाळसेशी, सारीपाट खेळतो आणि हरतो. हरल्यावर बारा वर्षं घर सोडून चंदनपुरीला जातो. तिथे बाणाईच्या धनगर बापाकडे गडी म्हणून राहतो, मेंढरं राखतो. मेंढरं धुवायला नेतो तेव्हा सगळी मारून टाकतो, मग बाणाईचा हात मागून घेतो आणि भंडारा टाकून ती परत उठवतो. पोथी त्याला शंकराचा अवतार करते, आणि वाघ्याच्या तोंडी तो मेंढपाळ असतो. मला वाटतं, मेंढपाळच आधीचा. कर्नाटकात तो मैलार, तेलंगणात मल्लन्ना, सगळीकडे मेंढपाळांचा आणि शेतकऱ्यांचा देव. संस्कृत माहात्म्य नंतर अंगावर चढवलेलं.

आत्या : आधीचं-नंतरचं तू ठरव, तुझा अभ्यास आहे. मी जागरणात बसते, मला वेगळं दिसतं. पहिल्यांदा घट मांडतात, दिवटी पेटते, गावोगावच्या देवांना आवतण जातं. तोपर्यंत सगळे हात जोडून बसलेले असतात. रात्र चढली की बाणाई येते आणि माणसं हसायला लागतात. ज्याने दैत्य मारले तोच बायकोच्या भीतीने दाराशी घुटमळतो, म्हणून त्या हसण्याला गोडी. पहिली गोष्ट काढून टाकलीस तर राहील ती कुठल्याही गड्याची गोष्ट. तिला कोण रात्रभर जागेल?

भाची : पण दैत्यांची गोष्ट मला टोचते. हरलेल्यांना दैत्य म्हणायची रीत सगळीकडेच असते.

आत्या : मग मणीकडे नीट बघ. मल्लाने शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही, म्हणून त्याचं डोकं पायऱ्यांशी पडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली आलं. मणी शरण आला. त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि मागितलं काय, तर तुझ्या देवळात मला जागा असू दे, आणि मला बकऱ्याचा नैवेद्य मिळू दे. देवाने दोन्ही दिलं. खंडोबा आजही त्याच घोड्यावर बसलेला आहे. ज्याच्याशी सहा दिवस लढाई झाली त्याच्या जेवणाची सोय आपण अजून बघतो. गडावर पुरणाचा नैवेद्य, आणि खाली बकरं. आपल्या घरात दोन्ही होतं, आणि कोणी कोणाला कमी लेखत नाही.

या मुद्द्यावर मुलगी गप्प झाली. मला स्वतःला मणीची कथा या सगळ्या पुराणातला सर्वांत मोठा भाग वाटते. शत्रूला देवळात जागा देणं इतर दैवतांच्या कथांतही सापडेल. पण त्याची आवड न बदलता, त्याला शाकाहारी न करता जागा देणं, हे खंडोबाच्या भक्तांनी केलं. ‘मल्हारी माहात्म्य’ लिहिणाऱ्यालाही ते गाळता आलं नाही.

भाची : बरं, मणीला मिळाली. बाणाईचं काय? गाभाऱ्यात देवाशेजारी म्हाळसा आहे. बाणाईचं देऊळ पायऱ्यांच्या अर्ध्या वाटेवर. वाण्याची लेक वर आणि धनगराची खाली. गोष्टीत सांगतात की सवतींचं पटेना म्हणून देवाने गड वाटून दिला, वरचा अर्धा म्हाळसेला आणि खालचा बाणाईला. ही वाटणी कोणाच्या सोयीची आहे ते दिसतंच आहे.

आत्या : गड चढणाऱ्याला आधी कोण भेटतं?

भाची : बाणाई.

आत्या : मग? तिच्या दारावरून वाट आहे. तिला हात जोडल्याशिवाय म्हाळसेकडे जायचं म्हटलं तरी पाय उचलत नाही. आणि धनगरांना विचार. ते काय खालच्या पायरीवरच्या देवीला आलो म्हणून येतात? बाणाई त्यांच्या घरची, त्या नात्याने देव त्यांचा जावई. देवाचा प्रधान हेगडी, त्याचीही जागा पायऱ्यांवरच. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चांदाई भागवीण, सगळ्या त्याच्या बायका. एकेका जातीने आपली लेक देऊन देवाशी सोयरीक केली. मुसलमानांनी त्याला मल्लूखान म्हटलं, आणि देवाचे घोडे सांभाळायचा मान मुसलमान घराण्याकडे आला. देवाला असं सगळ्यांनी आपलं म्हटलेलं तुझ्या पुस्तकात दुसरीकडे कुठे आहे का, दाखव.

भाची : थोडं आहे, फार नाही. ते मी मान्य करते. पण सोयरीक सगळ्यांशी आणि मांडीला मांडी लावून बसणारी एकच. जागरणात म्हाळसा बाणाईला काय बोलते आठव. अंगाला मेंढरांचा वास येतो, मांस खातेस, माझ्या घरात पाऊल टाकू नकोस. ते नुसतं सवतीचं बोलणं नाही. एका जातीने दुसरीला जे बोलावं ते सगळं त्यात आहे.

आत्या : आणि बाणाई काय गप्प बसते? म्हाळसा एक बोलली तर ती चार ऐकवते. लोक हसतात ते बाणाईच्या उत्तरांना. आणखी एक सांगते, रागावू नकोस. तुम्ही अभ्यास करणारे सगळे बाणाईच्या बाजूचे. म्हाळसेला कोणी विचारलं? नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक ती, पालीला तिचं लग्न लागलं. आजही पौषात पालीला यात्रा भरते ती त्या लग्नाचीच. बारा वर्षं नवऱ्याचा पत्ता नाही, आला तो दुसरी घेऊन. ती दार अडवून उभी राहते आणि त्याला जाब विचारते. देव तिथे खाली मान घालून ऐकतो. आमच्या पिढीत कुठल्या बाईला घरात असं बोलता आलं? जागरणाला बायका पहाटेपर्यंत का जागायच्या ते मी तुला सांगते आहे. आपलं कोणीतरी देवाच्या तोंडावर बोलतंय म्हणून जागायच्या.

माझी बहीण हे बोलली तेव्हा तिचा आवाज चढला होता. मी मुलीच्या बाजूचा होतो आणि अजूनही आहे. अर्ध्या वाटेवरची जागा ही अर्धीच जागा असते. तरी बहिणीच्या बोलण्यातून मला एक उलगडलं. हे भांडण कोणी मिटवलं असतं, दोघी देवीच आहेत, दोघींत भेद नाही, असं सांगून गोड केलं असतं, तर बाणाई केव्हाच पोथीतल्या एका ओळीत विरून गेली असती. भांडण चालू राहिलं म्हणून तिचं नाव राहिलं, तिचं बोलणं राहिलं आणि तिची माणसंही देवाशी बांधलेली राहिली.

यानंतर बोलणं सणांवर आलं. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. चातुर्मासात सोडलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी ताटात परत येतात. सोमवारी अमावस्या आली की पालखी गडावरून उतरून कऱ्हेवर जाते, देवाला नदीत स्नान घालतात. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी जेजुरीत मुक्कामाला येते आणि वारकऱ्यांवर भंडारा उधळला जातो. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठाराची अशा दोन पालख्या दरीत एकमेकींना भेटतात, आणि दुसऱ्या दिवशी गडावर पानसे सरदारांनी वाहिलेला खंडा उचलायची चढाओढ लागते. सुमारे ४२ किलोची ती तलवार. कोणी ती एका हाताने तोलून धरतं, तर कोणी दातांत धरून उचलतं. हे सगळं दोघींना सारखंच आवडतं. भंडाऱ्यात हल्ली हळदीऐवजी भलतीच पिवळी पूड खपवतात, डोळ्यांत गेली तर आग होते, याबद्दलही दोघींचं एकमत. सांगलीची हळद घरी आणून आपला भंडारा आपण न्यावा, असं बहीण सगळ्यांना सांगते आणि स्वतः तसंच करते.

पौष पौर्णिमेवर मात्र पुन्हा वाद झाला.

भाची : तुला विचारलं जेजुरीचा मोठा सण कुठला, तर तू चंपाषष्ठी म्हणशील. मी पौष पौर्णिमा म्हणेन. गाढवांचा बाजार.

आत्या : तो बाजार आहे, सण कसला?

भाची : ज्यांचा आहे त्यांचा सणच तो. बंगाली पटांगणात वैदू, बेलदार, कैकाडी, वडार, कुंभार, परीट येतात. राज्यभरातून येतात, त्यात काठेवाडी गाढवं घेऊन येणारे व्यापारीही असतात. दात बघून वय ठरवायचं. दोन दाताचं दुवान, चार दाताचं चौवान, मग कोरा, अखंड. व्यवहार झाला की गड चढून देवदर्शन. वर्षभर ज्यांची पालं एका गावात राहत नाहीत, त्यांच्या भेटी, सोयरिकी, देणीघेणी इथे होतात. या लोकांना बाकीच्या देवळांच्या सणांत कुठे जागा आहे? तुझा गड होळकरांनी बांधला म्हणून आपण सांगतो. त्याचे दगड, चुना, वाळू वर कोणाच्या पाठीवरून चढले?

आत्या : गाढवांच्या.

भाची : आणि गाढवं हाकणाऱ्यांच्या. माझं म्हणणं एवढंच, की मणी-मल्लाचं युद्ध आपण सहा दिवस आठवतो, हे मात्र कोणी आठवत नाही.

आत्या : आठवावं, माझी ना नाही. पण त्याच यात्रेत त्यांच्या जातपंचायतीही बसत. कोणाला वाळीत टाकायचं, कोणाला दंड करायचा, ते इथे, देवाच्या साक्षीने ठरायचं. पोरीबाळींवर काय काय निवाडे झाले ते तुझ्या लोकदेवाच्या नावावरच झाले. माहात्म्य लिहिणाऱ्या ब्राह्मणाला तू जाब विचारतेस, मग पंचांनाही विचार.

हे ऐकून मुलगी चमकली, आणि मीही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली महाराष्ट्राने कायदा केला, तो मागणाऱ्यांत या समाजांतली पीडित माणसं पुढे होती. बाजार मात्र दरवर्षी कमी भरतो आहे. माती, विटा, दगड वाहायला आता ट्रॅक्टर आणि जेसीबी आले. गाढवं संपली तर ही यात्रा कशाच्या आधारावर भरेल, हा प्रश्न देवस्थानाच्या विकासाच्या गप्पांत ऐकू येत नाही, आणि मला तो पायऱ्यांच्या दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मग मुरळीचा विषय निघाला. तो मुलगी काढेल असं मला वाटलं होतं, काढला बहिणीने.

आत्या : तू मघापासून विचारते आहेस ना, या गोष्टींची किंमत कोणी दिली? मुरळीने दिली. मूल होत नाही म्हणून नवस बोलायचे आईबाप. पहिलं मूल तुला वाहीन म्हणायचे. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. वाघ्याला लग्न करता येतं. मुरळीचं लग्न देवाशी लागलेलं, म्हणून माणसाशी नाही, आणि मग गावातल्या कोणाचीही नजर. आमच्या लहानपणी जागरणाला एक म्हातारी मुरळी यायची, घाटी वाजवायची. आवाज असा की अंगावर काटा यायचा. घरातल्या बायका तिच्या पाया पडायच्या आणि ती गेली की तिच्याबद्दल नको ते बोलायच्या. मी स्वतः ऐकलं आहे.

भाची : मग तू याला देवाची इच्छा म्हणत नाहीस?

आत्या : कशी म्हणीन? देवाने बाणाईला बारा वर्षं राबून मिळवलं. तिला मागितलं, तिच्या बापाला मागितलं. जो लग्नासाठी मेंढरं राखतो तो पाळण्यातली पोर कशाला मागेल? हे माणसांनी केलं आणि देवाच्या नावावर घातलं.

भाची : शिवराम जानबा कांबळे हेच सांगत होते. १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढलं, त्यात मुरळी प्रथेविरुद्ध लिहिलं, मुली वाहू नका म्हणून मोहीम केली, आणि मुरळ्यांची लग्नं व्हावीत म्हणून खटपट केली. महर्षी शिंदेही या प्रश्नावर झटले. १९३४ चा मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा खूप नंतरचा. पण आत्या, तुझ्या उत्तरात एक सुटका आहे. देव चांगला, माणसं वाईट, म्हटलं की देवळाला काही विचारायला नको. प्रथा तर देवळाच्या पायऱ्यांवरच झाली. भंडारा लावून, कवड्यांची माळ घालून झाली.

आत्या : सुटका नाही. मी त्या म्हातारीच्या पाया पडले आहे आणि तिच्यामागे जे बोललं गेलं तेही गप्प बसून ऐकलं आहे. देवळाला विचारायचं म्हणजे आधी मला विचारायचं.

दोघी काही वेळ बोलल्या नाहीत. आज जागरणाला येणाऱ्या मुरळ्या बहुतेक कलावंत म्हणून येतात. त्यांचा संसार असतो, मुलं शिकत असतात, सुपारी घेऊन कार्यक्रम ठरतो. यात काही लोकांना भक्ती कमी झालेली दिसते. मला यात एक जुना अन्याय थोडा तरी सुटलेला दिसतो, आणि गाणं टिकलेलं दिसतं. बाणाईची उत्तरं आता अशी बाई गाते जी रात्र संपल्यावर आपल्या घरी जाणार असते. त्या गाण्याला हे वळण मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

भाची : मग तळीचं सांग. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, पैसा. पाच जण धरतात, ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत उचलतात. आपल्या घरी पाची जण पुरुष. जागरण मुरळीशिवाय होत नाही, गोष्ट म्हाळसा आणि बाणाईशिवाय पुढे सरकत नाही, भरीत-रोडगा तू करतेस, ताम्हन तू घासतेस. मग तळीला बाईचा हात का नको?

आत्या : चालत आलेलं आहे.

भाची : मुरळीही चालत आलेली होती.

आत्या : तळी आणि मुरळी एका तागडीत घालू नकोस. तळीने कोणाचं आयुष्य नासलं नाही.

भाची : बरोबर आहे. म्हणूनच ती बदलायला सोपी आहे. कोणाचं काही जात नाही.

बहिणीने त्यावर लगेच उत्तर दिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात तळीच्या पाचांपैकी एक हात माझा असतो, वडिलांमागे तो मान माझ्याकडे आला. मी म्हणालो, माझ्या जागी तिला धरू दे.

आत्या : तुझ्या जागी नको. तू आपली जागा दिलीस तर ती दिलेली होईल, तिची होणार नाही. षष्ठीला थोरल्या काकांना मी विचारते. ते नाही म्हणतील, मग मी त्यांना बाणाईची गोष्ट पहिल्यापासून सांगेन.

भाची : आणि तरी नाही म्हणाले तर?

आत्या : तर कडेपठारावर जाऊ आपण दोघी. तिथे आपापली तळी भरतात, कोणी हात मोजत नाही.